हीम प्रथिनं आणि हृदयविकार : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकातल्या लेखात एक विधान होतं : रक्तवाहिन्या सैलावणाऱ्या नायट्रिक ऑक्साइडचा निरोप पेशीत एक हीम प्रथिन ऐकतं, आणि हृदयविकारात बऱ्याचदा हे ऐकणंच बिघडलेलं असतं. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काही प्रश्न इथे घेतले आहेत. औषधांबद्दल जे लिहिलं आहे ते समजून घेण्यासाठी आहे. गोळी बदलणं, बंद करणं हे तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच.

प्रश्न : वडिलांचं वय 68, हृदयाचं पंपिंग 30 टक्के. दवाखान्यातून घरी सोडताना व्हेरिसिग्वाट 2.5 मि.ग्रॅ. सुरू केली आणि "ही हीमवर काम करते" असं सांगितलं. पण त्यांचं हिमोग्लोबिन 13 आहे. मग हीम कमी कसं? (एक वाचक, सातारा)

हीम कमी नाही, आणि ही गोळी हिमोग्लोबिनवर कामही करत नाही. गोंधळ होतो तो हीम म्हटलं की आपल्याला फक्त रक्त आठवतं म्हणून. हीम म्हणजे पॉर्फिरिनच्या चपट्या कड्याच्या मधोमध धरलेला लोहाचा एक अणू. हिमोग्लोबिनमध्ये तो ऑक्सिजन वाहतो, स्नायूंतल्या मायोग्लोबिनमध्ये ऑक्सिजन साठवतो, सायटोक्रोममध्ये इलेक्ट्रॉन पुढे सरकवतो. रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या स्नायुपेशीत 'सॉल्युबल ग्वानिलेट सायक्लेज' नावाचं एन्झाइम असतं, त्यातही हीम आहे. तिथे त्याचं काम निरोप घेण्याचं.

या एन्झाइमचे अल्फा आणि बीटा असे दोन भाग. हीम बीटा भागात, 105 क्रमांकाच्या हिस्टिडिन या अमिनो आम्लाला धरून बसतं. त्यातलं लोह फेरस, म्हणजे दोन धन प्रभारांचं असावं लागतं. विशेष म्हणजे हे हीम ऑक्सिजनला दाद देत नाही. नायट्रिक ऑक्साइड आला की मात्र तो लोहाला चिकटतो, लोह आणि हिस्टिडिनमधला बंध तुटतो, प्रथिनाचा आकार बदलतो आणि एन्झाइमचा वेग शेकडो पटींनी वाढतो. त्यातून सायक्लिक जीएमपी नावाचा, निरोप पेशीत पुढे नेणारा रेणू तयार होतो, स्नायुपेशी सैलावते, वाहिनी रुंदावते. प्रयोगशाळेत हा बदल रंगावरून कळतो : विश्रांतीतल्या एन्झाइमचं प्रकाशशोषण 431 नॅनोमीटरला सर्वाधिक असतं, नायट्रिक ऑक्साइड बसला की ते 399 ला सरकतं.

बिघाड दोन ठिकाणी होतो. एक, नायट्रिक ऑक्साइडच कमी पडतो. मधुमेह, धूम्रपान, वाढलेला रक्तदाब यांत रक्तवाहिनीच्या भिंतीत सुपरऑक्साइड, म्हणजे ऑक्सिजनचं अतिक्रियाशील रूप, जास्त तयार होतो आणि तो नायट्रिक ऑक्साइडला वाटेतच गाठून त्याचा पेरॉक्सिनायट्राइट करतो. दोन, त्याच वातावरणात हीममधलं लोह फेरसचं फेरिक, म्हणजे तीन धन प्रभारांचं होतं. तसं हीम जागेवर सैल बसतं आणि निखळतं. पेशीत प्रथिन मोजलं तर भरेल इतकं सापडतं, पण त्यातलं बरंचसं बहिरं असतं. हा दुसरा बिघाड कुठल्याही नेहमीच्या रक्त तपासणीत दिसत नाही. त्यामुळे हिमोग्लोबिन 13 असण्याला इथे काही अर्थ नाही.

व्हेरिसिग्वाट पहिल्या बिघाडावरचं औषध आहे. ते एन्झाइमला थेट चालना देतं आणि उरलासुरला नायट्रिक ऑक्साइड जास्त परिणामकारक करतं. पण त्यासाठी फेरस हीम जागेवर हवंच. हीम निखळलेल्या एन्झाइमसाठी वेगळ्या जातीची औषधं बनवली गेली, त्यांतलं सिनासिग्वाट हीमच्या रिकाम्या खोबणीतच जाऊन बसतं. कल्पना सुरेख होती. पण शिरेतून दिल्यावर रुग्णांचा रक्तदाब इतका उतरला की चाचण्या मध्येच थांबवाव्या लागल्या.

वडिलांच्या गोळीबाबत : 2.5 मि.ग्रॅ.पासून सुरुवात करून रक्तदाब सोसेल तसं साधारण दर दोन आठवड्यांनी 5 आणि मग 10 मि.ग्रॅ.पर्यंत नेतात. ती जेवणासोबतच घ्यायची, रिकाम्या पोटी नीट शोषली जात नाही. गिळायला त्रास होत असेल तर कुटून पाण्यात मिसळून दिली तरी चालते. सिल्डेनाफिल, टाडालाफिलसारख्या (पुरुषांच्या लैंगिक ताठरतेसाठीही घेतल्या जाणाऱ्या) गोळ्या तिच्यासोबत नकोत. गरोदरपणात ही गोळी वर्ज्य आहे, म्हणून घरात कोणी गरोदर असेल तर तिने ती कुटायला घेऊ नये. अपेक्षाही माफक ठेवा. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'व्हिक्टोरिया' चाचणीत 5050 रुग्ण होते. हृदयविकाराने मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरमुळे पुन्हा भरती होणं हे औषध घेणाऱ्यांत 35.5 टक्के, तर न घेणाऱ्यांत 38.5 टक्के. फायदा खरा, पण तो बीटा ब्लॉकर वगैरे मूळ औषधांच्या जोडीला, त्यांच्या बदली नव्हे. त्याच चाचणीत औषध घेणाऱ्यांत रक्तक्षय किंचित जास्त दिसला, 7.6 टक्के विरुद्ध 5.7. म्हणजे हिमोग्लोबिनवर लक्ष ठेवायचंच आहे, फक्त तुम्हाला वाटलं त्या कारणासाठी नाही.

प्रश्न : हीम पेशीत तयार कुठे होतं आणि या एन्झाइमपर्यंत पोचतं कसं? की ते आपोआप जाऊन बसतं? (जीवरसायनशास्त्राचे प्राध्यापक, पुणे)

आपोआप बसत असतं तर हृदयविकाराशी त्याचा संबंध फार थोडा राहिला असता. हीम आठ एन्झाइमांच्या साखळीतून तयार होतं आणि शेवटची पायरी, म्हणजे पॉर्फिरिनमध्ये लोह बसवणं, मायटोकॉन्ड्रियाच्या आत घडते. ग्वानिलेट सायक्लेज मात्र बाहेर, पेशीरसात. हीम पाण्यात जेमतेम विरघळतं, मोकळं सुटलं तर पेशीपटलाच्या मेदात शिरून त्याचं ऑक्सिडीकरण घडवतं. म्हणून पेशी त्याला मोकळं हिंडू देत नाही, कोणीतरी सतत धरून ठेवतं.

धरतं कोण, यावर अमेरिकेत क्लीव्हलँड क्लिनिकच्या लर्नर संशोधन संस्थेतले जीवरसायनशास्त्रज्ञ डेनिस स्टुअर यांच्या गटाने बरीच वर्षं काम केलं आहे. स्टुअर मूळचे नायट्रिक ऑक्साइडच्या निर्मितीकडचे. 1985 मध्ये मायकेल मार्लेटा यांच्यासोबत त्यांनी उंदराच्या मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या) पेशी नायट्राइट आणि नायट्रेट तयार करतात हे दाखवलं. नायट्रिक ऑक्साइड बनवणारं एन्झाइमही हीम प्रथिनच आहे, त्यामुळे बनवणाऱ्याला हीम कोण पोचवतं आणि ऐकणाऱ्याला कोण, हे दोन्ही प्रश्न त्यांच्यापुढे ओघानेच आले.

उत्तर निघालं ते जीएपीडीएच. ग्लुकोज विघटनाच्या साखळीतलं, प्रत्येक विद्यार्थ्याने घोकलेलं एन्झाइम. बायोकेमिस्ट्रीच्या प्रयोगशाळांत हे प्रथिन 'कंट्रोल' म्हणून वापरतात, म्हणजे ज्याच्याकडे कोणी निरखून पाहतच नाही असं. ते हीम उचलून नेतं. दुसरा साथीदार एचएसपी 90, इतर प्रथिनांना आधार देणारं प्रथिन. हीम न मिळालेल्या बीटा भागाला तो धरून ठेवतो. हीम बसलं की बाजूला होतो आणि मग अल्फा भाग येऊन जोडला जातो. रॅडिसिकॉल या रसायनाने एचएसपी 90 अडवला तर हीम बसतच नाही.

हे पाहण्याची रीत लक्षात घेण्यासारखी आहे. आधी सक्सिनिलॲसिटोन देऊन पेशींची हीमनिर्मिती सुमारे तीन दिवस बंद पाडायची आणि हीम काढून टाकलेल्या सीरमवर त्या वाढवायच्या, म्हणजे नव्याने बनणारं प्रथिन हीमविना राहतं. बीटा भागाला चमकणारं रंगद्रव्य जोडायचं. मग बाहेरून हीम द्यायचं. हीम खोबणीत बसलं की ते रंगद्रव्याची चमक शोषून घेतं आणि वाचन खाली येतं. किती वेळात किती खाली आलं त्यावरून हीम बसण्याचा वेग मिळतो. प्रथिन फोडायला, गाळायला नको, जिवंत पेशीतच मोजमाप होतं.

2022 मध्ये याच गटाने दाखवलं की अगदी कमी मात्रेतला नायट्रिक ऑक्साइड पेशीतलं आधीच असलेलं हीम हलवतो आणि मिनिटांच्या हिशेबात ग्वानिलेट सायक्लेजमध्ये बसवून घेतो. निरोप्याने आधी ऐकणाऱ्याला कान लावून द्यावेत तसं. जास्त मात्रेत चित्र उलटतं : नायट्रिक ऑक्साइड जीएपीडीएचच्या सिस्टीन या अमिनो आम्लावर जाऊन चिकटतो आणि त्याची हीम धरण्याची ताकद जाते. दाह झालेल्या ऊतीत नायट्रिक ऑक्साइड भरमसाट असूनही स्नायू सैलावत का नाहीत, याचा एक धागा इथे सापडतो. आमच्या मते या कामाचं मोल नव्या औषधाच्या आशेपेक्षा यात आहे : औषध लागू न पडणाऱ्या रुग्णात पेशीकडे प्रथिन नाही, की प्रथिन आहे पण हीम नाही, की हीम आहे पण लोह फेरिक झालंय, हे तीन प्रश्न वेगवेगळे विचारता येऊ लागले.

प्रश्न : छातीत दुखलं की जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवा, असा मेसेज सगळीकडे फिरतो. खिशात ठेवावी का? ती रोज घेणाऱ्यांना काही दिवसांनी लागू पडत नाही हे खरं का? (गृहिणी, नाशिक)

ज्यांना डॉक्टरांनी अंजायनासाठी, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखतं त्यासाठी, लिहून दिली आहे त्यांनी ठेवावी. इतरांनी शेजाऱ्याच्या सांगण्यावरून घेऊ नये. सॉर्बिट्रेट (आयसोसॉर्बाइड डायनायट्रेट) नायट्रेट गटातली गोळी आहे. तिच्यातून शेवटी नायट्रिक ऑक्साइडच निघतो आणि त्याच ग्वानिलेट सायक्लेजला जाऊन भिडतो. रक्तदाब आधीच पडलेला असेल, वरचा आकडा 90 च्या खाली असेल, किंवा झटका हृदयाच्या उजव्या कप्प्याला आलेला असेल, तर या गोळीने माणूस कोसळू शकतो. सिल्डेनाफिल घेतल्यापासून 24 तास आणि टाडालाफिल घेतल्यापासून 48 तास ती चालत नाही. घरच्यांसमोर हे विचारायला लोक संकोचतात, पण विचारलंच पाहिजे.

घ्यायची तर बसून घ्या. उभ्याने घेतली की चक्कर येऊन पडण्याची भीती. 5 मि.ग्रॅ.ची एक गोळी जिभेखाली, गिळायची नाही. पाच मिनिटांत दुखणं ओसरलं नाही तर 108 ला फोन, दुसऱ्या गोळीची वाट पाहत बसायचं नाही. ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल तर ॲस्पिरिन 300 मि.ग्रॅ. चावून खायला सहसा सांगतात. सॉर्बिट्रेटपेक्षा जीव वाचवण्यात तिचा वाटा मोठा आहे.

लागू न पडणं खरं आहे. नायट्रेट चोवीस तास रक्तात राहिलं की परिणाम मंदावतो. त्याच गटातल्या नायट्रोग्लिसरीनमधून नायट्रिक ऑक्साइड सोडवणारं मायटोकॉन्ड्रियातलं एन्झाइम त्या कामातच निकामी होतं, आणि सुपरऑक्साइड वाढतो तो वेगळाच. म्हणून रोजच्या डोसात 10 ते 12 तासांचा खंड ठेवतात. आयसोसॉर्बाइड मोनोनायट्रेट 20 मि.ग्रॅ. दिवसातून दोनदा असेल तर सकाळी आठ आणि दुपारी तीन, सकाळ-रात्र नव्हे. 'दिवसातून दोनदा' वाचून बहुतेक जण बारा तासांनी घेतात आणि खंड नाहीसा होतो. चिठ्ठीवर वेळ लिहून मागा.

प्रश्न : भाच्याला सिकलसेल आहे. आता हृदयाच्या सोनोग्राफीत "फुप्फुसाचा दाब वाढलेला" आलं. रक्ताच्या आजारात हे कसं? (शिक्षक, गडचिरोली)

तांबड्या पेशी फुटतात, म्हणून. पेशीच्या आत असताना हिमोग्लोबिन नायट्रिक ऑक्साइडपर्यंत सहज पोचत नाही. पेशीचं आवरण आणि वाहिनीच्या कडेने वाहणारा पेशीविरहित थर आड येतात. सिकलसेलमध्ये पेशी सतत फुटत राहतात आणि हिमोग्लोबिन प्लाझ्मात मोकळं होतं. त्याच्या हीमवरचा ऑक्सिजन नायट्रिक ऑक्साइडशी गाठ पडताक्षणी त्याचा नायट्रेट करून टाकतो. मोकळं हिमोग्लोबिन धरणारं हॅप्टोग्लोबिन आणि मोकळं हीम धरणारं हीमोपेक्सिन, दोन्ही संपून गेलेली असतात. शिवाय फुटलेल्या पेशीतून आर्जिनेज हे एन्झाइम बाहेर पडतं आणि नायट्रिक ऑक्साइडचा कच्चा माल असलेलं आर्जिनिन खाऊन टाकतं. फुप्फुसाच्या वाहिन्या आकसल्या की उजव्या कप्प्यावर भार येतो.

मग वाहिन्या रुंदावणारं सिल्डेनाफिल का देत नाहीत, हा प्रश्न साहजिक आहे. देऊन पाहिलं गेलं. 'वॉक-फॅस्ट' ही चाचणी 2009 मध्ये मुदतीआधी थांबवली, कारण औषध घेणाऱ्यांना दुखण्याचे झटके जास्त येऊ लागले. मुळावरचा इलाज म्हणजे पेशी फुटणं कमी करणं, आणि त्यासाठी हायड्रॉक्सियुरिया हे औषध नियमित घेणं.

सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये ट्रायकस्पिड झडपेतून उलट वाहणाऱ्या रक्ताचा वेग लिहिलेला असतो. तो सेकंदाला 2.5 मीटर किंवा जास्त असेल तर पुढची तपासणी लागते. पण तेवढ्यावरून फुप्फुसाचा दाब वाढल्याचं निदान पक्कं होत नाही, त्याला उजव्या बाजूची कॅथेटर तपासणी लागते. सोनोग्राफी दुखण्याच्या झटक्यात केली असेल तर वेग तात्पुरता वाढलेला दिसतो. मुलगा बरा असताना ती पुन्हा करून घ्या.

प्रश्न : बीटाचा रस आणि आर्जिनिन पावडर, दोन्हींनी नायट्रिक ऑक्साइड वाढतो म्हणतात. बायपास झालेल्याने घ्यावं का? (ज्येष्ठ वाचक, ठाणे)

बीट चालेल, पावडर नको.

हृदयविकाराच्या झटक्यानंतर रोज तीनदा 3 ग्रॅम आर्जिनिन देऊन अमेरिकेत 153 रुग्णांवर चाचणी झाली, निष्कर्ष 2006 मध्ये आले. आर्जिनिन घेणाऱ्यांत सहा मृत्यू, दुसऱ्या गटात एकही नाही. चाचणी थांबवली गेली. तुमची बायपास आहे, झटका नसेलही. तरी फायदा दिसलेला नसताना ही जोखीम कशाला? नायट्रिक ऑक्साइड बनवणारं एन्झाइम आधीच बिघडलेलं असेल तर जास्त आर्जिनिन घालून नायट्रिक ऑक्साइड वाढेलच असं नाही.

बीटाचा मार्ग वेगळा आहे. त्यातल्या नायट्रेटचं जिभेवरचे जिवाणू नायट्राइट करतात आणि ऑक्सिजन सोडलेलं हिमोग्लोबिन व मायोग्लोबिन त्यातून नायट्रिक ऑक्साइड सोडवतात. हीम प्रथिनांचं हे फारसं माहीत नसलेलं काम. लंडनमधल्या एका चाचणीत रोज 250 मि.लि. रस चार आठवडे घेतल्यावर रक्तदाबाचा वरचा आकडा सुमारे 8 ने उतरला. पण क्लोरहेक्सिडिनच्या माउथवॉशने चूळ भरलीत तर जिवाणूच मरतात आणि रस वाया जातो. बीट उकडून पाणी फेकलं तर नायट्रेटही त्या पाण्यातून जातं, म्हणून किसून कोशिंबीर बरी. मुतखडा होत असेल तर जपून, आणि स्पायरोनोलॅक्टोन (पोटॅशियम वाढवू शकणारं औषध) चालू असेल तर पोटॅशियम तपासल्याशिवाय रोजचा रस नको.

प्रश्न : हार्ट फेल्युअरमध्ये लोहाच्या गोळ्यांनी हीम वाढेल का? (सोलापूर)

तोंडावाटे घेऊन उपयोग फार कमी. 2017 च्या 'आयर्नआउट' चाचणीत 150 मि.ग्रॅ. लोह रोज दोनदा, 16 आठवडे देऊनही व्यायामाची क्षमता वाढली नाही. सुजलेल्या आतड्यातून आणि लोहाचं शोषण रोखणाऱ्या हेप्सिडिन या संप्रेरकाच्या अडथळ्यातून लोह आत येत नाही. रक्तातलं फेरिटिन (साठवलेल्या लोहाचं माप) 100 च्या खाली, किंवा ते 100 ते 299 आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (लोहवाहक प्रथिन किती भरलंय याचं माप) 20 टक्क्यांच्या खाली असेल, तर शिरेतून लोह देण्याबद्दल डॉक्टरांना विचारा. हिमोग्लोबिन ठीक असलं तरी हे दोन आकडे पाहायचेच.

प्रश्न : ई. कोलाय या जिवाणूत हीम प्रथिन बनवतो. 280 नॅनोमीटरला भरपूर प्रथिन दिसतं पण क्रिया जवळपास शून्य. हीम किती बसलंय हे साध्या उपकरणावर कसं मोजू? (एम.एस्सी. विद्यार्थिनी, कोल्हापूर)

पिरिडीन हीमोक्रोमची चाचणी करा. पहिलं द्रावण : 0.2 मोलर सोडियम हायड्रॉक्साइड, 40 टक्के पिरिडीन, 500 मायक्रोमोलर पोटॅशियम फेरिसायनाइड. दुसरं : 0.5 मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये 0.5 मोलर सोडियम डायथायोनाइट, ऐन वेळी बनवलेलं. क्युव्हेटमध्ये 500 मायक्रोलिटर नमुना आणि तेवढंच पहिलं द्रावण मिसळून 500 ते 600 नॅनोमीटर वाचन घ्या. मग दुसऱ्याचे 10 मायक्रोलिटर घालून लगेच पुन्हा वाचन घ्या आणि आकडा स्थिरावेपर्यंत घेत राहा. दुसऱ्या वाचनातून पहिलं वजा करा. उरलेल्या आलेखात 557 चं शिखर आणि 540 ची दरी यांतला फरक 23.98 ने भागला की हीम मिलिमोलरमध्ये मिळतं. फरक 0.12 आला तर 5 मायक्रोमोलर, नमुना दुप्पट पातळ झालाय म्हणून मुळात 10. प्रथिन 20 मायक्रोमोलर असेल तर निम्म्या खोबणी रिकाम्या आहेत.

चुकतं ते असं. डायथायोनाइटची बाटली ओल लागून मेलेली असते. 557 चं शिखर बसकं आलं तर आधी तिच्यावर संशय घ्या. पॉलिस्टायरीनचे क्युव्हेट पिरिडीनने धूसर होतात, काचेचे किंवा क्वार्ट्झचे घ्या. बफरमध्ये डीटीटी (क्षपणक रसायन) जास्त असेल तर ते फेरिसायनाइड खाऊन टाकतं आणि पहिलं वाचन बिघडतं. नमुना गढूळ असेल तर आधी सेंट्रिफ्यूज. पिरिडीन फ्यूम हूडखालीच.

हीम कमी निघालं तर दोष बहुधा शुद्धीकरणात नसून वाढवण्यात असतो : प्रथिन झपाट्याने बनतं, जिवाणूची हीमनिर्मिती मागे पडते. इंडक्शनच्या वेळी, म्हणजे प्रथिननिर्मिती सुरू करताना, हीमचा कच्चा माल असलेलं 5-अमिनोलेव्युलिनिक ॲसिड 0.5 मिलिमोलर घाला, तापमान 20 च्या आसपास आणा, रात्रभर सावकाश वाढू द्या. प्रथिन ग्वानिलेट सायक्लेज असेल तर शिखर 431 ला आहे की 393 ला तेही पाहा. 393 म्हणजे हीम बसलंय पण लोह फेरिक झालंय. तिथे आणखी हीम घालून काही होणार नाही.